उजवी बाजू कोणाची?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. रात्री साडेनऊच्या सुमारास शहागंजचा दवाखाना बंद करून मी घरी पोचलो, तोच एका खेड्यातून फोन आला. बोलणारे गृहस्थ जुन्या ओळखीचे होते. "डॉक्टरसाहेब, पोरीचं पोट दुखायलंय. सकाळी बेंबीपाशी होतं, आता खाली सरकलंय." मी विचारले, "कोणत्या बाजूला?" ते म्हणाले, "डाव्या अंगाला." मुलगी बारा वर्षांची. अंगात थोडी कणकण, एक उलटी झालेली. 'डाव्या अंगाला' हे शब्द ऐकले आणि माझ्या मनातली अपेंडिक्सची शंका मागे पडली. "सकाळी लवकर घेऊन या," असे सांगून मी फोन ठेवला.

सकाळी मुलगी आली ती कमरेत वाकूनच. पोटाला हात लावू देईना. दुखत होते ते उजव्या बाजूला, खाली. तिला तातडीने शस्त्रक्रियेसाठी पाठवले. अपेंडिक्स रात्रीतच फुटले होते. बारा दिवसांनी मुलगी बरी होऊन घरी गेली, पण ते बारा दिवस तिच्या आईवडिलांना आणि मलाही फार जड गेले.

झाले होते काय? फोन करताना वडील मुलीच्या समोर बसले होते. तिची उजवी बाजू त्यांच्या डाव्या हाताला येत होती. त्यांना जी बाजू दिसली ती त्यांनी सांगितली. त्यांचे काही चुकले नाही. चूक माझी होती. बेंबीपासून सरकलेले दुखणे, ताप आणि उलटी एवढ्यावरूनच मी तिला रात्री बोलावून घ्यायला हवे होते. आणि 'डावी म्हणजे कोणाची डावी?' हा साधा प्रश्न मी विचारला नाही.

आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

नदीचा डावा काठ, गणपतीची उजवी सोंड

शहागंजात कोणी पत्ता विचारला की आपण घड्याळाच्या मनोऱ्यापासून सुरुवात करतो. "मनोऱ्यापासून उजवीकडे वळा," असे सांगून मोकळे होतो. पण सराफ्याकडून येणाऱ्याची उजवी बाजू आणि त्याच्या समोरून येणाऱ्याची उजवी बाजू एक नसते. पाहुणा दोन गल्ल्या फिरून पुन्हा मनोऱ्यापाशी येतो आणि आपल्याला दोष देतो.

हा घोटाळा टाळायची युक्ती आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पैठणच्या जायकवाडी धरणाला दोन कालवे आहेत, डावा आणि उजवा. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२ किलोमीटरचा. तुम्ही गोदावरीच्या कोणत्याही काठावर, कोणत्याही दिशेला तोंड करून उभे राहा, डावा कालवा डावाच राहतो. कारण ही डावी-उजवी बाजू पाहणाऱ्याची नाही, नदीची आहे. पाणी ज्या दिशेला वाहते त्या दिशेला तोंड केले की जो डावा हात, तो नदीचा डावा काठ.

देवळातही तेच. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे ज्याची सोंड त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताकडे वळलेली आहे तो. समोर हात जोडून उभे राहणाऱ्याला ती आपल्या डावीकडे वळलेली दिसते.

मानवी शरीराचा नियमही हाच. डॉक्टर, नर्स, नातेवाईक कुठेही उभे असोत, उजवी बाजू म्हणजे रुग्णाची उजवी बाजू. ज्या हाताने तो जेवतो तो हात (डावखुरे वाचक क्षमा करतील) त्याची उजवी बाजू दाखवतो. घाटीच्या आमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र शिकताना आम्ही विच्छेदनाच्या टेबलाभोवती चारही बाजूंनी उभे असायचो. कोणी "ही डावीकडची रक्तवाहिनी" म्हणाले की सर शांतपणे विचारत, "कोणाच्या डावीकडची?" पहिले काही महिने वर्गात हशा व्हायचा. पुढे हा प्रश्न आमच्या अंगवळणी पडला. एका रात्री मात्र तो मला आठवला नाही.

आपल्या भागात आणखी एक गंमत आहे. माझ्या दवाखान्यात निम्मे रुग्ण मराठी बोलतात, निम्मे दखनी. "सीधे बाजू में दर्द है," असे कोणी म्हटले तर त्याचा अर्थ उजव्या बाजूला, आणि 'उलटा हात' म्हणजे डावा. नव्याने आलेल्या मराठी नर्सला 'सीधे' म्हणजे सरळ वाटते. त्यामुळे मी सगळ्यांना एकच सांगतो, तोंडाने काहीही म्हणा, पण बोट ठेवून दाखवा.

शरीराची 'उभे राहा' स्थिती

शरीराचे वर्णन करताना डॉक्टर मनात एक चित्र धरतात. माणूस ताठ उभा आहे, तोंड समोर, पावले पुढच्या दिशेला, हात बाजूला सोडलेले आणि तळहात पुढे केलेले. रुग्ण खाटेवर उताणा असो, पालथा असो की कुशीवर असो, शब्द या उभ्या माणसाचेच वापरायचे. म्हणून झोपलेल्या माणसाचेही डोके 'वर' आणि पाय 'खाली' असतात.

तळहात पुढे का, असा प्रश्न पडेल. आपला हात खाली सोडा आणि तळहात पुढे करा. अंगठा बाहेरच्या बाजूला येईल. आता तळहात मागे वळवा. अंगठा आत, मांडीकडे गेला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. हात असा फिरवला की अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून तिरके जाते. म्हणजे 'हाताची आतली बाजू' हे शब्द हात कसा धरला आहे त्यावर बदलतात. म्हणून एक स्थिती ठरवून ठेवली आहे.

या स्थितीला धरून दिशांच्या जोड्या आहेत. पुस्तकी शब्द आणि घरचे शब्द असे :

अग्र म्हणजे पुढचा, पश्च म्हणजे मागचा. छाती पुढे, पाठ मागे.

ऊर्ध्व म्हणजे वरचा, अधर म्हणजे खालचा. बेंबी छातीच्या खाली, पण जांघेच्या वर.

अभिमध्य म्हणजे मधल्या रेषेकडचा, पार्श्व म्हणजे बाहेरच्या बाजूचा. कपाळ, नाक, बेंबी यांतून जाणारी उभी रेषा ती मधली रेषा. डोळा नाकाच्या बाहेरच्या बाजूला, पण कानाच्या आतल्या बाजूला.

समीपस्थ म्हणजे मुळाकडचा, दूरस्थ म्हणजे टोकाकडचा. हे शब्द मुख्यतः हातापायांसाठी. कोपर मनगटापेक्षा मुळाकडे, बोटे टोकाकडे.

शेवटची जोडी वरवरचा आणि खोल. कातडी वरवर, हाड खोल.

हे शब्द जगभर एकसारखे असावेत म्हणून बरीच खटपट झाली आहे. एकाच भागाला देशोदेशी वेगवेगळी नावे होती. १८९५ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे शरीररचनेच्या लॅटिन नावांची पहिली मान्य यादी ठरली आणि सुमारे पन्नास हजार नावांच्या गर्दीतून पाच-साडेपाच हजार नावे उरली. पुढे १९९८ मध्ये नवी आंतरराष्ट्रीय यादी निघाली. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने वैद्यकाचे परिभाषा कोश तयार केले. वाचकांनी हे पुस्तकी शब्द पाठ करावेत असे मी म्हणत नाही. 'पुढे, मागे, वर, खाली, मधल्या रेषेकडे, बाहेरच्या बाजूला' एवढे घरचे शब्द नीट वापरले तरी माझे निम्मे काम होते.

'पोटात दुखतंय' म्हणजे कुठे?

आपल्या बोलण्यात पोट फार मोठे आहे. छातीच्या खळग्यापासून जांघेपर्यंत सगळे पोट. 'हात' म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत काहीही आणि 'पाय' म्हणजे कमरेखालचे सगळे. मराठीत नेमक्या शब्दांची वाण नाही. दंड, कोपर, मनगट, पंजा. मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, टाच, चवडा. कूस, ओटीपोट, जांघ, माकडहाड. हे शब्द आपल्या आजीला येत होते, आपणच ते विसरत चाललो आहोत.

पोटासाठी सोपी रीत अशी. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेषा काढली आहे असे समजा. चार भाग झाले. रुग्णाच्या उजवीकडे वर यकृत आणि पित्ताशय. डावीकडे वर जठराचा मोठा भाग आणि प्लीहा. उजवीकडे खाली अपेंडिक्स. डावीकडे खाली मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. ओटीपोटात मध्ये मूत्राशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बीजकोश. मूत्रपिंडे पोटात पुढे नसतात, ती मागे, पाठीच्या बाजूला शेवटच्या बरगड्यांपाशी असतात.

अपेंडिक्सची दुखरी जागा तर बोटाने दाखवता येते. उजव्या कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेषा घ्या. हाडाच्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावरचा बिंदू ती जागा. मॅकबर्नी या अमेरिकन शल्यविशारदाने १८८९ साली ती सांगितली. आजही डॉक्टर तिथे हात ठेवून पाहतात.

दुखणे कुठून कुठे गेले हेही सांगावे. मुतखड्याची कळ कुशीतून निघून जांघेकडे उतरते. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्यापर्यंत जाऊ शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे हृदयाचे. हृदय छातीच्या मध्यभागी, जरासे डावीकडे कललेले असते. त्याचे दुखणे छातीच्या मधोमध येते, डाव्या हातात, क्वचित दोन्ही हातांत, जबड्यात किंवा छातीच्या खळग्यात येते. खळग्यातले दुखणे लोक 'पित्त' समजून सोडा पितात. घाम फुटला असेल, दम लागत असेल, जीव घाबरा होत असेल तर सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि हृदयाचा आलेख काढून घ्या. 'काळीज दुखतंय' असेही सांगू नका. मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत आणि कवितेत काळीज म्हणजे हृदय. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत.

लाज आणि घड्याळ

बायका दुखण्याची जागा सांगताना संकोच करतात. 'खाली दुखतं', 'इथं जरा गाठ वाटते' असे पुटपुटतात आणि पदर सावरतात. स्तनातली गाठ असेल तर हा संकोच महाग पडतो. डॉक्टर अशा गाठीची जागा घड्याळाप्रमाणे लिहितात. आपल्या शहागंजच्या मनोऱ्यावरचे घड्याळ डोळ्यांपुढे आणा. रुग्णाच्या समोरून पाहिले तर उजव्या स्तनात काखेकडच्या वरच्या भागातली गाठ दहा वाजल्याच्या जागी येते. डाव्या स्तनात तीच जागा दोन वाजल्याची. मात्र आरशात पाहणाऱ्या बाईला हे आकडे उलटे दिसतील. म्हणून घरी आकडे मोजू नका. 'उजवा स्तन, काखेकडे, वर' असे सांगा. स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी सर्वांत जास्त याच काखेकडच्या वरच्या भागात आढळतात, तेव्हा आंघोळीच्या वेळी हात तिथपर्यंत आणि थेट काखेत जायला हवा. गाठ लागली तर आठवडा न दवडता दाखवा.

सुई, चिठ्ठी आणि सेल्फी

दिशांचे हे शब्द तुमच्या घरात पाळण्यापासूनच येतात. बाळाला बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात. सगळ्यांना एकाच बाजूला दिल्याने पुढे तपासणी करणाऱ्याला लस मिळाली की नाही हे पाहणे सोपे जाते. पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीच्या मध्यावर, पुढच्या-बाहेरच्या बाजूला. गोवर-रुबेलाची उजव्या दंडावर. कुल्ल्यावर सुई द्यायची वेळ आली तर कुल्ल्याचे चार भाग कल्पून वरच्या बाहेरच्या भागातच द्यायची, कारण आतल्या खालच्या बाजूने पायाची मोठी नस जाते. तिला सुई लागली तर पाऊल लुळे पडू शकते. सुई देणारा जागा न पाहता घाईने टोचत असेल तर त्याला थांबवण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

हाताला मुंग्या येतात, अशी तक्रार रोज असते. मी विचारतो, "अंगठ्याकडे की करंगळीकडे?" अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे असतील तर बहुधा मनगटात दबलेली नस. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट असेल तर बहुधा कोपरामागची नस, जिच्यावर मार बसला की झिणझिण्या येतात ती. एका उत्तराने तपासणीची दिशा ठरते.

तोंड वाकडे झाल्यावरही फसगत होते. तोंड उजवीकडे ओढले गेले म्हणजे उजवी बाजू बिघडली असे लोक समजतात. खरे तर उजवी बाजू धडधाकट आहे, म्हणून ती ओढते आहे. लुळी पडली आहे ती डावी. अशा वेळी कोणती बाजू यावर वाद न घालता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा.

हल्ली लोक फोनवर फोटो पाठवतात. चांगली सोय आहे, पण काही फोनमधला सेल्फीचा कॅमेरा आरशासारखे उलटे चित्र देतो. डाव्या गालावरचे नागिणीचे फोड उजव्या गालावर दिसतात. फोटोबरोबर 'माझा डावा गाल' असे दोन शब्द लिहा. एक्स-रेच्या फिल्मवर कोपऱ्यात 'आर' किंवा 'एल' हे इंग्रजी अक्षर असते. फिल्म अशी पाहतात, जणू रुग्ण आपल्या समोर उभा आहे. म्हणून छातीच्या फिल्मवर हृदयाचा मोठा भाग पाहणाऱ्याच्या उजवीकडे दिसतो. 'माझं हृदय उजवीकडे आहे का?' असे घाबरून विचारणारे रुग्ण वर्षातून दोन-तीन तरी येतात.

शस्त्रक्रियेच्या वेळी तर बाजूला फारच महत्त्व. चुकीच्या गुडघ्याची, चुकीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत, पुढारलेल्या देशांतही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेची एक तपासयादी काढली. भूल देण्यापूर्वी रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि तिची जागा रुग्णाकडूनच पक्की करून घ्यायची, जागेवर शाईने खूण करायची आणि छेद घेण्यापूर्वी पुन्हा मोठ्याने विचारून खात्री करायची. तुमच्या घरच्या कोणाची शस्त्रक्रिया असेल तर चिठ्ठी, फिल्म आणि शाईची खूण तिन्ही एकाच बाजूची आहेत ना, ते पाहा. वेगळे दिसले तर विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

फोन करण्यापूर्वी

दूरच्या गावाहून डॉक्टरांशी बोलायचे असेल तर एवढे करा.

१. रुग्णाला एकाच बोटाने दुखणारी जागा दाखवायला सांगा. संपूर्ण तळवा फिरवू देऊ नका. बोट ठेवता येत नसेल तर तेही सांगा.

२. बाजू सांगताना 'रुग्णाची उजवी' किंवा 'रुग्णाची डावी' असेच म्हणा. शंका असेल तर त्याच्याशेजारी त्याच दिशेला तोंड करून उभे राहा.

३. बेंबी, बरगडी, कमरेचे हाड, गुडघा अशा ठळक खुणेपासून जागा सांगा. 'बेंबीच्या उजवीकडे चार बोटे खाली' हे 'पोटात'पेक्षा शंभर पटीने चांगले.

४. पुढे की मागे, वरवर की खोल, हे सांगा.

५. आधी कुठे होते आणि आता कुठे गेले, किती वेळात गेले, हे सांगा.

आणि हे सारे सांगूनही दुखणे वाढत असेल, पोट कडक झाले असेल, ताप-उलट्या असतील, तर फोनवर विसंबून राहू नका. रुग्णाला घेऊन निघा. फोनवरून पोटाला हात लावता येत नाही.

त्या मुलीचे वडील अजूनही दवाखान्यात येतात. गेल्या महिन्यात त्यांची स्वतःची पाठ धरली होती. मी काही विचारण्याआधीच ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, मागे हात नेऊन एक बोट ठेवले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझी उजवी बाजू. माझी." मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि मग तपासले.